पाहुणा कीं घरचा?

बारावीचा निकाल लागला म्हणजे खेड्यापाड्यांतील कितीएक घरांत एक निराळीच धांदल सुरू होते. ज्या घरांतील कोणीं आजपर्यंत कॉलेजचें दार पाहिलें नाहीं, त्या घरांतील मुलगा किंवा मुलगी जिल्ह्याच्या गांवीं अथवा पुण्या-मुंबईस शिकावयास निघते. फी किती, खोलीचें भाडें किती, खाणावळवाला महिन्यास काय घेतो, एस. टी. चा पास निघेल काय, ह्या सर्वांचा हिशेब बाप ओट्यावर बसून बोटांवर करितो, आणि तो करणें योग्यच आहे. परंतु एका गोष्टीचा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं. तेथें गेल्यावर त्या मुलानें कोणत्या नात्यानें राहावयाचें, आणि त्या संस्थेनें त्यास कोणत्या नात्यानें ठेवून घ्यावयाचें, हा तो प्रश्न होय. वरवर पाहतां हा सोयीगैरसोयीचा प्रश्न दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे. आणि त्याचें उत्तर चुकलें तर पैशाची तजवीज असूनही मूल दिवाळीस घरीं येतें तें पुन्हा परत जात नाहीं.

आपल्या घरांतील रीत पाहा. पाहुणा आला म्हणजे त्यास पाट मिळतो, पहिलें वाढप मिळतें, गोडाचें कांहीं असेल तर तेंही मिळतें. पण पाहुणा चुलीपाशीं जात नाहीं, माठांतलें पाणी आपल्या हातानें घेत नाहीं, आणि भाकर कमी पडली तर पोट भरलें म्हणून उठतो. घरच्या मुलास कोणी पाट मांडून देत नाहीं. त्याच्यावर रागें भरतात, त्यास कामें सांगतात, आणि तरीही रात्रीं उशिरां येऊन तो शिंक्यावरची शिळी भाकर हक्कानें काढून घेतो. ह्या दोघांहून निराळा तो आश्रित. त्यास भाकर मिळते; पण प्रत्येक घासाबरोबर ती कोणी दिली ह्याची आठवणही त्यास गिळावी लागते.

पूर्वीं गरीब विद्यार्थ्यास शहरांत राहण्याचा जो मार्ग होता तो बहुतेक ह्या तिसऱ्या प्रकारचा होता. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे वार लावून मुलगे जेवीत. कांहीं माधुकरी मागत. ह्या रीतीची थट्टा करणें बरें नव्हे. तिच्यावर कितीएक विद्वान पोसले गेले, आणि ज्या गृहिणींनीं आठवड्यांतून एक दिवस परक्या मुलास वाढलें त्यांचें पुण्य लहान नाहीं. परंतु ज्याचा वार चुकला तो उपाशी राही, आणि कोणत्या घरीं ताट प्रेमानें येतें व कोणत्या घरीं आदळतें हें त्यास दारांतच कळे. शिवाय हें दार ब्राह्मणाच्या मुलासच उघडें होतें. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या, मांगाच्या मुलानें वार कोणाकडे लावावा? मुलीनें कोणाकडे लावावा? त्यांना आश्रित होण्याचीही सोय नव्हती.

कोल्हापूरचे शाहू छत्रपति १८९४ सालीं गादीवर बसले. आपल्या राज्यांतील खेड्यांचीं मुलें शिकत कां नाहींत ह्याचा शोध करितां शाळेइतकीच अडचण जेवणाची व निजण्याची आहे हें त्यांनीं ओळखिलें, आणि १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलें. त्याच सालीं जैनांचें निघालें. पुढें लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ अशा अनेक समाजांचीं वसतिगृहें निघालीं, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानिलेल्या मुलांकरितां मिस क्लार्क बोर्डिंग निघालें. जातवार बोर्डिंगें काढून महाराजांनीं जातिभेदास खतपाणी घातलें असा आक्षेप त्या काळीं घेतला गेला व अजूनही केव्हां केव्हां ऐकूं येतो. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. एका चुलीवर सर्वांचें शिजणें ज्या काळीं अशक्य होतें, त्या काळीं चूल पेटलीच पाहिजे असें म्हणणाऱ्यास दुसरा मार्ग नव्हता. आणि त्यांत आणखी एक मर्म होतें. नव्यानेंच शहरांत आलेल्या मुलास, ज्याच्या बोलण्यास कोणी हंसणार नाहीं, ज्याची भाकर पाहून कोणी नाक मुरडणार नाहीं, अशी चार भिंतींची जागा लागते. दिवसभर वर्गांत परकेपणा सोसून रात्रीं त्याला आपल्या माणसांत पाठ टेकितां आली तर तो दुसऱ्या दिवशीं पुन्हा वर्गांत जाऊं शकतो.

मात्र जो आपलेपणा दुसऱ्यास बाहेर ठेवून मिळतो, त्याची किंमत कोणीतरी देत असतो. ही गोष्ट त्याच कोल्हापुरांत, त्याच १९०८ सालीं, एका विद्यार्थ्याच्या अनुभवास आली. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जैन बोर्डिंगांतला एक मुलगा गेला होता. परत आल्यावर स्नान करून मग जेवावयास बस, असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें तें मानिलें नाहीं, आणि त्यास बोर्डिंग सोडावें लागलें. तो मुलगा म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील.

पुढें ह्याच भाऊरावांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास जें बोर्डिंग काढिलें त्यांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें. ज्या राजाच्या नगरींत जातवार बोर्डिंगें होतीं त्याचेंच नांव ह्या एका चुलीच्या बोर्डिंगास मिळालें; ह्यांत विसंगति पाहणाऱ्यानें पाहावी, आम्हांस तर एका पायरीवरून दुसरी पायरी चढलेली दिसते. तेथें मुलेंच पाणी भरीत, दळीत, स्वयंपाक करीत, शेतांत खपत, दगड फोडीत. धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं अंगावरचे दागिने दिले, आणि शेवटीं मंगळसूत्रही दिलें. हें दान होतें असें म्हणतां येईल. पण ज्या बाईच्या घरांत तीं मुलें वाढत होतीं तिला तो शब्द रुचला नसता असें आम्हांस वाटतें. घरांतलें धान्य संपलें म्हणजे आई जें करिते तेंच तिनें केलें. तिचें निधन १९३० सालीं झालें. साताऱ्याचें छत्रपति शिवाजी कॉलेज १९४७ सालीं निघालें, तें पाहण्यास ती नव्हती. त्याच १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, कॉलेज काढिलें, आणि त्या कोरड्या मुलुखांतल्या खेड्यांतील मुलांस पुण्याची वाट धरण्याची गरज उरली नाहीं. हें आमच्या वाचकांपैकीं जुन्या मंडळीस सांगावयास नको.

आतां कामाविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण येथें एक सूक्ष्म धोका आहे. भाऊरावांचें तत्त्व आज पुष्कळ ठिकाणीं चालूं आहे. पुण्याच्या विद्यापीठांत तर कमवा व शिका ही योजना त्यांच्याच नांवानें चालते. विद्यार्थी ग्रंथालयांत, बागेंत, कचेरींत तासावर काम करितो व त्याचे पैसे घेतो. योजना चांगली आहे. परंतु साताऱ्याच्या बोर्डिंगांत झाडू सर्वांच्या हातीं होता. जेथें गरिबाचाच मुलगा अंगण झाडतो व बाकीचे त्याच अंगणांत उभे राहून गप्पा मारितात, तेथें तेंच काम त्यास घरचा न करितां गडी करून सोडतें. कामानें माणूस हलका होत नाहीं हें वाक्य व्यासपीठावरून सांगणें सोपें आहे. सतरा वर्षांच्या मुलास तें पटावयाचें असेल तर त्याच्या शेजारीं डॉक्टराचा मुलगाही खराटा घेऊन उभा असला पाहिजे. घरांत कामें वांटलेलीं असतात म्हणूनच तें घर असतें.

नुसती जागा मिळणें आणि घर मिळणें ह्यांतला भेद डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांत फार स्पष्ट दिसतो. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले तेव्हां कृष्णराव केळुसकर गुरुजींनीं त्यांस स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें, आणि पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळण्याच्या कामीं साह्य केलें. एल्फिन्स्टन कॉलेजांत प्रवेश झाला, फीची सोय झाली. प्रो. मुल्लर हे त्यांस पुस्तकें व कपडेही देत. पण त्याच कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा किंवा पाणी देत नसे, असें त्यांच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. नांव हजेरीपटावर, आणि तहान मात्र कॉलेजच्या बाहेर भागवावयाची! १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें कोणी पाण्यास प्रतिबंध केला नाहीं. ज्यूई, सेलिग्मन ह्यांच्यासारखे अध्यापक मिळाले, आणि वसतिगृहाच्या एकाच खोलींत राहणारा नवल भथेना नांवाचा पारशी मित्र मिळाला. पुढें १९२० सालीं अपुरें शिक्षण पुरें करण्यास लंडनला जावयाचें झालें तेव्हां ह्याच मित्रानें कर्जाऊ पैसे दिले. आपल्या आयुष्यांतील उत्तम मित्र कोलंबियांतील सहाध्यायी व प्राध्यापक हेच होत, अशा अर्थाचें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. हजारों कोस दूर, परक्या भाषेच्या देशांत जें मिळालें तें स्वतःच्या शहरांत मिळालें नव्हतें. म्हणूनच कीं काय, १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज व १९५० सालीं मराठवाड्यांत मिलिंद महाविद्यालयाचा पाया त्यांनीं घातला.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्यास शिकावयाचें असतें तो रस्त्यावरच्या दिव्याखालीं बसूनही शिकतो. आधार मागणें हें दुर्बळाचें लक्षण आहे. दिव्याखालच्या अभ्यासाच्या गोष्टी आम्हींही ऐकिल्या आहेत, आणि त्या खोट्या आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्या गोष्टी जे पार पडले त्यांच्याच असतात. त्याच दिव्याखालीं बसून जे नापास झाले व गांवीं परत जाऊन मुकाट्यानें नांगर धरिते झाले, त्यांची कथा सभेंत कोणी सांगत नाहीं, कारण त्यांस सभेंत कोणी बोलावीत नाहीं. आणि पार पडलेल्यांचीही गोष्ट नीट ऐकावी. वर सांगितलेल्या चरित्रांत केळुसकर आहेत, सयाजीराव आहेत, मुल्लर आहेत, भथेना आहेत. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या पुरुषासही चार हात लागले. मग साधारण बुद्धीच्या मुलानें एकट्यानेंच नदी पोहून जावी, असें आपण कोणत्या न्यायानें म्हणतों?

हा आधार नेमका कशाचा पाहिजे, हें शिकलेल्या घरांतील लोकांच्या सहज लक्षांत येत नाहीं. कॉलेजांत दोन प्रकारचीं पुस्तकें असतात. एक छापलेलीं, तीं ग्रंथालयांत मिळतात. दुसरें एक न छापलेलें पुस्तक असतें, आणि परीक्षा पुष्कळ अंशीं त्यांतली असते. तास बुडाला तर कोणास सांगावें; समजलें नाहीं तर प्राध्यापकांस त्यांच्या खोलींत जाऊन विचारलें तर चालतें काय; एका विषयांत नापास झाल्यास वर्ष जातें कीं एटीकेटीवर पुढें जातां येतें; शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरिला तरी कॉलेजच्या कचेरींतून तो पुढें सरकतो कीं तेथेंच अडून राहतो; जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला ह्यांची मुदत कधीं संपते; विज्ञान सोडून दुसरी शाखा घेतली तर जन्माचें नुकसान होतें काय. वकिलाच्या किंवा शिक्षकाच्या मुलास हें सर्व रात्रीं जेवतांना कळतें, आणि आपण कांहीं शिकलों हेंही त्यास कळत नाहीं. ज्याच्या घरांत कोणी गेलें नाहीं तो खिडकीपाशीं रांगेंत उभा राहतो, कारकून तुटकपणें दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवितो, आणि मुलास वाटतें कीं चूक आपलीच आहे. बारावीपर्यंत मराठींत शिकलेला मुलगा पहिल्या आठवड्यांत सगळाच तास इंग्रजींत ऐकतो व मुका होतो. तो मठ्ठ आहे असा ग्रह गुरूंचा होतो. मग हळूहळू त्याचा स्वतःचाही होतो. सरकारी शिष्यवृत्तीची व्यवस्था १९४४ सालापासून आहे, आणि तिच्यामुळें कितीएक घरांचें नशीब पालटलें. तथापि पुष्कळदां ती वर्ष संपतां संपतां हातीं येते, आणि खाणावळवाला मार्चपर्यंत थांबत नाहीं.

अमेरिकेंत ह्या विषयावर कांहीं प्रयोग झाले आहेत, ते सांगण्यासारखे आहेत. ग्रेगरी वॉल्टन व जेफ्री कोहेन ह्या दोघांनीं २०११ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या कांहीं विद्यार्थ्यांस त्यांनीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचावयास दिले. आरंभीं आम्हांसही येथें आपलें कोणी नाहीं असें वाटलें, आणि पुढें तें वाटणें गेलें, असा त्यांचा आशय होता. सुमारें एका तासाचें हें काम. पण पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले, आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशीं असलेलें अंतर निम्म्यानें कमी झालें. २०१४ सालीं निकोल स्टीफन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपण कोणत्या घरांतून आलों व त्यामुळें कोणत्या अडचणी व कोणतें बळ मिळालें हें नवागतांपुढें उघड सांगितलें. त्यानें पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचें मागेंपण कमी झालें. ह्यावरून केवळ गोड शब्दांनीं पोट भरतें असें कोणी अनुमान काढूं नये. ह्या विद्यार्थ्यांच्या जेवणाची व खोलीची सोय आधींच झालेली होती. पण परकेपणा हा स्वभावांतला दोष नसून वाटेंतला एक टप्पा आहे, एवढें वेळेवर कळणें किती मोलाचें असतें तें ह्यावरून दिसतें.

तें न कळल्यास, किंवा परकेपणा खरोखरच कोणी लादीत असल्यास, काय होतें तें आपल्या देशानें पाहिलें आहे. २०१६ सालीं हैदराबादच्या विद्यापीठांत रोहित वेमुला ह्या संशोधक विद्यार्थ्याचा, आणि २०१९ सालीं मुंबईंत वैद्यकाचें पुढील शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी हिचा मृत्यू झाला. दोघांनींही आपल्या हातानें आयुष्य संपविलें असें सांगण्यांत आलें. दोघांसही प्रवेश मिळालेला होता, जागा होती. पुढें त्या दोघांच्या मातांनीं उच्च शिक्षणाच्या संस्थांतील जातिभेदास आळा घालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. ज्या बायांनीं मुलांस कॉलेजच्या दारापर्यंत पोहोंचविलें त्यांनाच आंत काय चालतें हें विचारण्यास न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें. आम्ही येथें कोणाचा न्याय करूं पाहत नाहीं. परंतु प्रवेश दिला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें समजणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकानें ह्या दोन मातांस उत्तर द्यावयाचें आहे असें मानून आपल्या वसतिगृहांत एकदां फिरून यावें.

आतां दुसरी बाजू. संस्थेनें मुलास घरचें मानिलें तर मूळ घराचें काय? ही भीति खेड्यांत बोलून दाखवितात ती अशी कीं, शिकलेलें पोर आपलें राहत नाहीं. ती भीति अगदींच निराधार नाहीं. सुटींत आलेला मुलगा आईच्या बोलण्यांतील शब्द सुधारूं लागतो. बाप धोतर नेसून वसतिगृहाच्या दारीं आला तर त्यास झाडाखालींच भेटून लगबगीनें स्टँडवर पोहोंचवितो. ह्यांत मुलाचा दोष आहेच. पण ज्या जागीं त्यास आपल्या बापाची लाज वाटूं लागली त्या जागेचा दोष अधिक आहे. जेथें तो खरोखर घरचा झालेला असतो तेथें त्यास कांहीं लपवावें लागत नाहीं, आणि बापाला खोलींत नेऊन तो आपल्या खाटेवर बसवितो. म्हणून कॉलेजांतील आपलेपणा व गांवचा आपलेपणा हे एकमेकांचे शत्रु आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. एकास दुसऱ्याची परीक्षाच म्हणावी.

उपकार फेडण्याविषयींही आईबापांनीं थोडा विचार करावा. तुझ्यासाठीं बैल विकला, हें वाक्य खरें असलें तरी दर रविवारीं फोनवर सांगूं नये. त्यानें मूल घरींही आश्रित होतें. मग परीक्षेंत एक विषय राहिला तर तें कळवीत नाहीं, कारण बैलाचा हिशेब त्याच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आणि न कळविलेलें अपयश एकट्यानें वाहतां वाहतां तें खचतें. कृतज्ञता मागून घेतली म्हणजे तिचें व्याज होतें. बहिणीच्या लग्नाचा बेत, घराचें छप्पर, पहिल्या पगाराची वांटणी ह्या गोष्टी तो पदवीधर होईपर्यंत त्याच्या कानावर न पडतील तर उत्तम.

आपल्या मंडळ्यांतून आतां प्रत्येक तालुक्यांत दोनचार तरी मुलेंमुली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षास आहेत. यंदा प्रवेशाच्या दिवशीं बाप कामाचा खाडा करून मुलाबरोबर जाईल, तेव्हां ह्यांपैकीं एकानें त्यांस स्टँडवर उतरून घ्यावें. कोणती खिडकी कोणत्या कामाची तें दाखवावें, दाखल्यांच्या तीन प्रती आधींच काढून ठेवाव्या, खाणावळवाल्याशीं ओळख करून द्यावी. आणि संध्याकाळची गाडी चुकली तर बापलेकांनीं त्याच्याच खोलींत मुक्काम करावा.